स्वस्त निळ्या शाईची कुळकथा

अंबड तालुक्यातल्या एका माध्यमिक शिक्षिकेचं पत्र आलं आहे. बाईंनी बॉलपेन सोडून पुन्हा शाईपेन धरलंय. प्रश्न रोखठोक आहे: जालन्यात स्टेशनरीच्या दुकानात निळ्या शाईच्या तीन-चार देशी बाटल्या मिळतात, ऑनलाइन बघावं तर परदेशी बाटली त्यांच्या कितीतरी पट किमतीला. रोजच्या लिहिण्याला कोणती घ्यावी? आणि स्वस्तातली शाई काही वर्षांनी उडून जाते म्हणतात, ते खरं का?

बाई, खुशाल स्वस्तातली घ्या. ती उडून जाते हेही खरं आहे. फक्त महागडी रॉयल ब्लूसुद्धा तशीच उडून जाते, हे विकणारा सांगत नाही. उडून जायचं कारण किमतीत नसतं, रंगाच्या रेणूत असतं.

शाई टिकते म्हणजे किती टिकते, ते आपल्याच जालना जिल्ह्यानं अनुभवलंय. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकालीन दफ्तरं बाहेर निघाली. मोठी अडचण झाली ती मोडी आणि उर्दू वाचणारे शोधायची. अक्षरं कागदावर होती. ज्या काळातली ही दफ्तरं, त्या काळी आपल्याकडे लिहिण्याची शाई म्हणजे काजळीची, नाहीतर हिरडा-हिराकशीची. आज आपण शाळेच्या हजेरीपटावर निळ्या शाईनं जे लिहितो, ते आणखी शंभर वर्षांनी कुणी समिती बसवलीच तर तिला वाचता येईल का? रॉयल ब्लू असेल, तर फारशी आशा नको.

आधी बाटलीत काय असतं ते पाहू. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. रंगद्रव्य जेमतेम काही टक्के. निबवर शाई सुकू नये म्हणून थोडं ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल. पाण्याचा पृष्ठताण कमी करायला साबणाच्या जातीचं काहीतरी चिमूटभर. आणि पावसाळ्यात बाटलीत बुरशीचे तंतू तरंगू नयेत म्हणून फिनॉलसारखं जंतुनाशक. जुन्या दौतीचं झाकण उघडल्यावर येणारा तो औषधी वास बहुधा याचाच. यातलं काहीच दुर्मिळ नाही. महाग बाटलीत आपण पैसे मोजतो ते काचेचे, खोक्याचे, जहाजाच्या भाड्याचे आणि नावाचे. शाईच्या कांड्या घेणाऱ्यांनी तर एकदा हिशेब करावाच. छोट्या कांडीत पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई असते, म्हणजे साठ मिलिलिटरच्या एका बाटलीत ऐंशी कांड्या मावतात.

पाण्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही, हे मराठी माणसाला फार पूर्वी कळलं होतं. १९३१ मध्ये मुंबईत गिरगावात दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या भावांनी ‘हॉर्स ब्रँड’ नावानं शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. पाणी गिऱ्हाइकानं आपल्या घरचं घालायचं! दौतीत वडी टाकून, पाणी ओतून, ती विरघळेपर्यंत काडीनं ढवळत बसलेली पिढी अजून आपल्यात आहे. पुढे शाईपेनांसाठी ‘कॅमल’ शाई आली, कंपनीची कॅम्लिन झाली, आणि २०११ मध्ये जपानच्या कोकुयोनं तिच्यातला मोठा हिस्सा घेतला. बंगालात ‘सुलेखा’ निघाली ती १९३४ मध्ये, राजशाहीला, मैत्र बंधूंची. गांधीजींना स्वदेशी शाई हवी होती, आणि तिची कृती दिली बंगाल केमिकलमधून बाहेर पडलेले रसायनज्ञ सतीशचंद्र दासगुप्ता यांनी. मधली बरीच वर्षं बंद पडलेली ही शाई २०२० मध्ये पुन्हा बाजारात आली. चेलपार्क आणि ब्रिल ही बंगळूरकडची नावं. एवढ्या नावांत बाईंचा प्रश्न सुटायला हरकत नाही.

आता त्या निळ्याकडे येऊ. धुऊन जाणाऱ्या रॉयल ब्लू शायांमध्ये जगभर एकाच घराण्याचे रंग वापरतात. त्यांना ट्रायअरिलमिथेन म्हणतात. नाव जड आहे, चित्र सोपं आहे: छताचा तीन पात्यांचा पंखा. मधला गोळा म्हणजे कार्बनचा एक अणू, आणि त्याला जोडलेली तीन पाती म्हणजे बेंझिनची तीन कडी. गोळा सपाट आहे तोवर इलेक्ट्रॉन एका पात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात मोकळे फिरतात. ते फिरताना प्रकाशातला पिवळा-नारिंगी भाग खाऊन टाकतात आणि उरलेला निळा आपल्या डोळ्यांकडे पाठवतात. आता कुणी येऊन त्या मधल्या गोळ्यालाच चिकटला, तर गोळ्याचा आकार बदलतो, तिन्ही पाती एकमेकांपासून तुटतात आणि निळा रंग गायब. पाती तिथेच असतात, पण डोळ्यांना काही दिसत नाही. शाई खोडायचं जे पांढरं पेन मिळतं, त्यात सोडियम सल्फाइट असतं आणि ते नेमकं हेच करतं. शाई कागदावरून काढत नाही, नुसती अदृश्य करते. त्या पेनाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा लिहायला जी निळी शाई असते, तिचा रंग वेगळ्या घराण्यातला असतो. नाहीतर खोडल्या जागी तीही नाहीशी झाली असती.

ऊनही हेच घराणं मोडतं, जरा सावकाश आणि कायमचं. खिडकीशी पडलेल्या वहीच्या उघड्या पानावरची अक्षरं काही महिन्यांत राखाडी-जांभळट होऊन विरत जातात आणि मागचं मिटलेलं पान जसंच्या तसं असतं, ते यामुळे.

शर्टाच्या खिशाला पडलेल्या शाईच्या डागाचं कोडंही इथेच सुटतं. आपल्याकडे डागावर लिंबू आणि मीठ चोळायची रीत आहे. ही रीत लोहाच्या जुन्या शाईसाठी अगदी बरोबर होती, कारण लिंबातलं सायट्रिक आम्ल लोहाला धरून पाण्यात ओढतं. रॉयल ब्लूचं उलट आहे. आम्लात तिचा पंखा सपाट राहतो, रंग पक्का दिसतो. क्षारात तो फिका पडतो. म्हणून निळ्या डागावर लिंबू पिळण्यापेक्षा भरपूर गार पाणी आणि धुण्याचा साबण बरा. आजीची चूक नव्हती, आजीची शाई वेगळी होती.

हा निळा आला कुठून? १८६१ मध्ये चार्ल्स जिरार आणि जॉर्ज द लेअर या फ्रेंच रसायनज्ञांनी मॅजेंटा रंग ॲनिलीनबरोबर तापवून एक सुरेख निळा मिळवला. तो रेशमाला चालायचा, पण पाण्यात विरघळत नव्हता, त्याला स्पिरिट लागायचं. १८६२ मध्ये लंडनच्या एडवर्ड निकल्सननं त्यावर तीव्र गंधकाम्लाची क्रिया केली, रेणूला सल्फोनिक गट चिकटवले आणि निळा पाण्यात उतरला. आपल्या दौतीतल्या निळ्याचा मूळपुरुष हाच. कृत्रिम रंगांचा जनक म्हणून पाठ्यपुस्तकात मात्र पर्किन असतो, १८५६ चा ॲनिलीनचा जांभळा घेऊन. त्याचं श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. अठराव्या वर्षी त्यानं जे केलं ते थोरच. पण या वंशावळीत त्याच्याही मागे एक माणूस उभा आहे, आणि त्याच्याबद्दल लिहायची संधी मी कितीतरी दिवस शोधत होतो.

फ्रिडलीब फर्डिनांड रुंगे. जन्म १७९४, हॅम्बुर्गजवळचा, पाद्र्याचा मुलगा. काही औषधी वनस्पतींच्या अर्कानं डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, हे त्याच्या उमेदवारीच्या काळातच ध्यानात आलं होतं. १८१९ मध्ये येना इथं शिकत असताना तो काखेत मांजर घेऊन हा प्रयोग दाखवायला थेट महाकवी गटेकडे गेला. गटे खूश झाला आणि त्यानं हातावर कॉफीच्या बिया ठेवून यात काय आहे ते बघ म्हणून सांगितलं. रुंगेनं कॅफीन वेगळं काढलं. एवढ्यावरही एखाद्याचं नाव राहिलं असतं.

पुढे बर्लिनजवळ ओरानियनबुर्गच्या कारखान्यात असताना, १८३४ मध्ये, त्यानं दगडी कोळशाच्या डांबरातून दोन पदार्थ वेगळे केले. एकाला त्यानं कायनॉल म्हटलं. ब्लीचिंग पावडर घातली की त्याला निळा रंग यायचा. पुढे हॉफमन या रसायनज्ञानं दाखवून दिलं की कायनॉल आणि ॲनिलीन एकच. म्हणजे ज्या ॲनिलीनवर पर्किनचा, जिरारचा, निकल्सनचा सगळा संसार उभा राहिला, ते डांबरात आहे आणि त्यातून रंग निघतो, हे रुंगेनं पर्किनच्या जन्माआधी चार वर्षं पाहिलं होतं. डांबरापासून रंग काढायचा धंदा करावा, ही त्याची सूचना मात्र कारखान्याच्या कारभाऱ्यांनी उचलून धरली नाही. दुसरा पदार्थ होता कार्बोलिक ॲसिड, म्हणजे आपलं फिनॉल, तेच शाईतलं बुरशीनाशक. मार्च १८६७ मध्ये शल्यविशारद जोसेफ लिस्टरची जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरण्याबद्दलची लेखमाला ‘लॅन्सेट’मध्ये सुरू झाली. त्याच महिन्याच्या २५ तारखेला रुंगे वारला.

एवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, त्यानं शाईही केली. लॉगवुड नावाच्या लाकडाचा अर्क आणि पोटॅशियम क्रोमेट यांपासून १८४७ च्या सुमारास निघालेली त्याची शाई पोलादी निबाला खात नसे. आणि शाईच्या अभ्यासाला लागणारं सगळ्यात सोपं हत्यारही त्याचंच. टीपकागदावर रंगीत द्रावणांचे थेंब टाकले की ते पसरताना वेगवेगळ्या कड्यांत फुटतात, हे त्यानं पाहिलं आणि १८५५ मध्ये प्रत्यक्ष थेंबांच्या डागांनी सजलेलं एक पुस्तकच काढलं. क्रोमॅटोग्राफी हा शब्द जन्माला येण्याच्या जवळपास अर्धशतक आधी. म्हातारपणी त्यानं घरकामातल्या रसायनांवर गृहिणींना उद्देशून पत्रं लिहिली. त्यांचं पुस्तक १८६६ चं. वर्तमानपत्रात विज्ञान लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांचाही तो पूर्वजच म्हणायला हवा.

रुंगेचा तो थेंब बाटल्यांची तुलना करायला आजही पुरतो. टीपकागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. टीपकागद नसेल तर फिल्टर कॉफीचा कागद चालेल. खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर पेनानं एकच ठिपका द्या आणि तो रात्रभर वाळू द्या. सकाळी पेल्यात बोटभर पाणी घेऊन पट्टी अशी लटकवा, की टोक भिजेल पण ठिपका पाण्याच्या वर राहील. पाणी चढायला लागतं, ठिपक्याशी पोचतं, क्षणभर काहीच होत नाही. मग ठिपक्याची वरची कड सैल पडते आणि निळी जीभ वर सरकायला लागते. साधी रॉयल ब्लू असेल तर बहुतेक सगळा रंग एकाच निळ्या पट्ट्यात वर जातो, फार तर मागे थोडा जांभळा रेंगाळतो. मिश्र रंगाची शाई असेल तर आकाशी पुढे पळतो, गुलाबी मधे राहतो. आणि खरी लोहयुक्त ब्लू-ब्लॅक असेल तर निळा रंग वर निघून जातो, ठिपक्याच्या जागी मात्र काळपट डाग घट्ट बसून राहतो. पाणी कितीही चढू दे, तो हलत नाही.

ब्लू-ब्लॅकची खरी गोम त्या डागात आहे. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एकत्र केलं की जवळजवळ फिकटच द्रावण मिळतं. ते कागदाच्या तंतूंत शिरलं, हवा लागली, की लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि तिथल्या तिथे काळा, न विरघळणारा पदार्थ तयार होतो. अडचण एवढीच की लिहिताना अक्षर दिसत नाही. म्हणून लंडनच्या हेन्री स्टीफन्सनं १८३० च्या दशकात त्यात निळा रंग मिसळून विकायला सुरुवात केली: लिहिताना निळं, वाळल्यावर काळं. निळा ऊन खाऊन गेला तरी लोह मागे राहतं. लोह आणि आम्ल जास्त झालं तर मात्र ते कागद खातं, आणि जुन्या कागदांवर अक्षरांच्या जागी जाळी पडते. आपल्या भारतीय मानकांत दोन्ही शायांची वेगळी नोंद आहे. आयएस २२० हे लोह-टॅनिनच्या शाईपेन-शाईचं मानक, त्यात लोह ०.१ टक्का धरलेलं आहे. आयएस १२२१ रंगद्रव्याच्या शायांचं. बाटलीवर नुसतं ‘ब्लू-ब्लॅक’ किंवा ‘पर्मनंट’ छापलंय म्हणून आत लोह असेलच असं नाही. हल्ली कित्येकदा ती निळ्या-काळ्या रंगांची साधी भेसळच असते. लेबलापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवावा.

काजळीची शाई आणखी वेगळी. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन, तिच्यात मोडायला नाजूक पंखाच नाही. ती उन्हाला भीक घालत नाही. पण ती पाण्यात विरघळत नाही, डिंकाच्या आधारानं तरंगते. ओल लागली की डिंक सुटतो आणि अक्षर फराटतं. शाईपेनात घातली तर निबखालच्या बारीक खाचा बुजल्याच म्हणून समजा. ती बोरूची शाई. आणि बोरूचा विषय जालना जिल्ह्यात निघाला की जांबेला जाणं आलं. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात शाईचा साठा करून ठेवण्यापासून देशोदेशीचे बोरू जमवण्यापर्यंत सगळा सरंजाम आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नका, म्हातारपणी तुम्हालाच वाचता येणार नाही, अशी व्यवहारी सूचना आहे. मला सगळ्यात आवडतो तो समासाचा हिशेब: कागदाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडा, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. दफ्तरखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, कागद आधी कडांनीच जातो.

बाटल्यांची तुलना करताना लोक कागद विसरतात. स्वस्त वहीच्या कागदाला खळीचा हात कमी दिलेला असतो, त्यामुळे शाई तंतूंवरून धावते, फुटते आणि मागे उमटते. दोष मात्र शाईवर. एकाच कागदावर चार कंपन्यांच्या रॉयल ब्लूनं लिहा, आणि मग एकाच शाईनं चार वह्यांत लिहा. दुसऱ्या वेळचा फरक पहिल्यापेक्षा जास्त दिसेल. देशी निळ्यांत छटेचा फरक आहे; कुणी जांभळ्याकडे झुकते, कुणी आकाशीकडे, कुणी वाळल्यावर जास्त उतरते. तो आवडीचा प्रश्न आहे, दर्जाचा म्हणता येणार नाही.

दुसरा आळ येतो तो गळण्याचा. ड्रॉपरनं भरायचं पेन अर्धं रिकामं असेल तर आत दोनेक मिलिलिटर हवा असते. हाताच्या आणि खिशाच्या उबेनं ती दहा अंशांनी तापली की साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगते, वर पाण्याच्या वाफेचा दाब वाढतो तो वेगळा. दोन्ही मिळून एक-दोन थेंब बाहेर ढकलायला पुरेसं आहे. मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशीपार असतो तेव्हा तर हे होणारच, मग शाई कोणत्याही देशाची असो. उपाय साधा आहे: पेन निम्म्याखाली जाऊ देऊ नका, आणि निब वर करून ठेवा.

तेव्हा बाई, वह्या, टाचणं, पेपर तपासणं, पत्रं यांसाठी दुकानात जी सर्वांत स्वस्त देशी रॉयल ब्लू मिळेल ती घ्या. पेन साध्या पाण्यानं धुऊन निघतं, निब गंजायची भीती कमी, आणि हाताला लागली तर संध्याकाळपर्यंत जाते. हजेरीपट, करारनामा, इच्छापत्र, शेताच्या वाटणीचा कागद यांना मात्र ही शाई लावू नका. तिथे पट्टीची परीक्षा पास झालेली लोहयुक्त ब्लू-ब्लॅक वापरा, तिच्यासाठी वेगळं पेन ठेवा, ते महिन्यातून एकदा धुवा आणि दोन शाया एकत्र कधीही करू नका. ती पट्टीची परीक्षा आठवीच्या वर्गात मुलांकडून करून घ्या. एक टीपकागद आणि पेलाभर पाणी एवढंच लागतं. आणि फळ्यावर प्रयोगाचं नाव लिहिताना शेजारी रुंगेचंही लिहा.